मुराळी यमुनामावशी

यमुनामावशी उपदेश करायची तो फक्त यमुनीला. यमुनी म्हणजे ती स्वतःच, पण लग्न होऊन हसनाबादेत नुकतीच आलेली, न्हातीधुती पोर. "तव्हाच्या यमुनीला म्या सांगितलं असतं," अशी तिची सुरुवात व्हायची, आणि विहिरीवरच्या आम्ही बाया घागरी तशाच ठेवून ऐकत राहायचो. "सासऱ्यापुढं ठसका लागला तर खोक बाई, दाबू नको. म्या दाबला, अन् डोळे पांढरे झाल्ते!" किंवा, "पोट भरलं न्हाई तर भरलं म्हनू नको. घरचे लोक ते बिलकुल खरं मानत्यात." देवधर्म आणि पतिव्रता यांचा तिच्या उपदेशात पत्ता नसायचा. म्हणूनच तो आम्हाला आवडायचा.

जातीने ती धनगर. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, सासरची माणसं एकेक करून सरली. आमच्या घराला लागून तिचं घर होतं, आणि त्यात ती व तिची मेंढरं. मेंढरांना हाका घालून गळा असा तयार झाला होता की, तिने कानात सांगितलेलं गुपित मारुतीच्या पारापर्यंत जायचं. मी नवी सून. मला सुरुवातीला तिची भीतीच वाटे. पण मी अंगणात भांडी घासत असले की भिंतीवरून विचारायची, "जेवलीस का? खरं सांग." खरं सांगितलं की भिंतीवरून भाकरी यायची.

रझाकारांचा धुमाकूळ चालू होता त्या उन्हाळ्यात जाफराबादेहून माझ्या माहेरचा निरोप आला. आई अंथरुणाला खिळलीय, सारखं तुझं नाव घेतेय. पण आमच्यात सासुरवाशीण आपण होऊन माहेरी जात नसे. माहेरचं माणूस शिदोरी घेऊन तिला न्यायला यावं लागे. त्याला मुराळी म्हणतात. वडील नव्हते. एकुलता भाऊ वासुदेव त्या गडबडीत हद्द ओलांडून वऱ्हाडात निघून गेला होता, आणि तो कुठे आहे हे आईलाही ठाऊक नव्हतं. मग मुराळी येणार कोण?

माझे सासरे तात्या वाईट नव्हते. "मुराळी येऊ दे, त्याच पावली धाडतो," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने त्यांनी होकारच दिला होता! मीही वर बोलले नाही. चुलीपुढे बसून रडायला मात्र कुणाची परवानगी लागत नव्हती, ते मी पोटभर केलं.

रडणं भिंतीपलीकडे गेलं असणार. दुसऱ्या दिवशी उजाडताच यमुनामावशी आमच्या दारात उभी राहिली. धुतलेलं लुगडं, हातात काठी, डोक्यावर फडक्याने झाकलेली टोपली.

"तात्या, म्या मुराळी आले. शांतीला न्यायला."

तात्या ओसरीवर दात घासत होते, ते तसेच थांबले. "यमुने, येडी झालीस का? बाईमाणूस कधी मुराळी असतंय?"

"न्हाई असत. पन शिदोरी आनलीया बराबर. धपाटे हायेत, चटनी हाय. आता मुराळ्याला दारातून परत धाडायची तुमच्या घरी रीत असंल, तर तसं सांगा."

"अन् वाटंनं काही झालं तर?"

"मेंढरं संगं घेते. मेंढरं हाकनाऱ्या बायांना कोन इचारतंय?"

तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्या घरात फारशा बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा तांब्या मावशीच्या पायांशी ठेवला. पाय धुवायला पाणी दिलं म्हणजे मुराळी मानला. तात्यांनी एकदा तांब्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि चूळ भरून म्हणाले, "जल्दी निघा मंग. ऊन होतंय."

आम्ही आडवाटेने मेंढरं हाकत निघालो. वाटेत मी विचारलं, "मावशी, तुम्हाला माहेरी न्यायला कोण यायचं?"

"भाऊ यायचा. पन माय आजारी पडली तव्हा तो मेंढरं घेऊन लांब गेल्ता. माहेराहून, आष्टीवरून सांगावा आल्ता, माय वाट बघून राह्यली म्हून. म्या गाठोडं बांधून उंबऱ्यात बसले. मुराळी आलाच न्हाई. मंग माय गेल्याचाच सांगावा आला." ती चालता चालता थांबली. "तव्हाच्या यमुनीला म्या एवढंच सांगितलं असतं, ऊठ. कुनाची वाट बघू नको, ऊठ अन् चाल. पन तिला आता कसं सांगू? म्हून तुला घेऊन चाललेय."

मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मेंढरं कुणाच्या तरी मळ्यात शिरली आणि दोघींनाही धावावं लागलं.

आई मला भेटली. तिने मला ओळखलं, केसांतून हात फिरवला, वाळलीस म्हणाली. पुढे काही दिवसांनी ती गेली, माझ्या मांडीवर गेली. तेवढे दिवस यमुनामावशी आमच्या परसात मेंढरं बांधून राहिली. परक्या घरात होती, तरी तिने सारी चूल सांभाळली.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी संपली आणि वासुदेव परत आला. दिवाळीला मला न्यायला आला तेव्हा ओसरीवर बसून त्याने आधी हेच विचारलं, "आईजवळ कोण होतं?" मी सगळं सांगितलं. ऐकून तो उठला, आणलेल्या शिदोरीतली निम्मी दुसऱ्या टोपलीत काढली आणि शेजारी गेला. मी मागोमाग गेले.

"मावशी," तो म्हणाला, "मी मुराळी आलोय. तुम्हाला न्यायला."

मावशी वाकळ शिवत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं. ती घरात गेली, लुगडं बदलून, गाठोडं घेऊन बाहेर आली आणि तशीच आमच्या ओसरीपुढे जाऊन उभी राहिली. केस पांढरे झालेले, तरी तिने पदर कपाळापर्यंत ओढून घेतला होता.

"तात्या, माझा मुराळी आलाय. जाऊ का म्या?"

तिचा आवाज एवढा हळू मी तेव्हाच ऐकला.

"जा पोरी," तात्या म्हणाले, "चार दिवस सुखानं राहून ये."