कुंकवाचे व्हॉल्व्ह

पुसदला माझ्या सासरवाडीत मला स्पिरिटच्या बाटलीला हात लावायची बंदी आहे. मी आर्णीला शाळेत विज्ञान शिकवतो, हे सांगूनही ती उठलेली नाही. (उलट, त्यानंतर जास्तच कडक झाली!)

घरात सासऱ्यांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. ते गेल्यापासून तो मुका होता. गेल्या दसऱ्याच्या तोंडावर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, एकदा त्याचा आवाज आयकाची लई इच्छा हाय. मंग बंद पडला तरी चालन."

अशा वेळी गप्प बसेल तो जावई कसला! "आई, मी हावो न!"

"घरचा मिक्सर आठवते न?" माझी बायको सुनंदा म्हणाली. मला ऐकू आलं नाही.

सुरुवात झकास झाली. प्लग आदल्या दिवशीच काढून ठेवला होता, कारण अशा रेडिओच्या पोटात बंद केल्यावरही करंट दबा धरून बसतो. पायात रबरी चपला. (सासूबाईंच्या, त्यामुळे टाचा जमिनीवर!) कोरड्या ब्रशने धूळ झाडली, तर झुरळांचं अख्खं खानदान बाहेर पडलं. मी आत डोकं घातलं तेव्हा सुनंदाने फोटो काढून बहिणीला पाठवला. मग आतले बल्बसारखे काचेचे चारही व्हॉल्व्ह हलकेच उपटले आणि ताटात क्रमाने मांडले. काचांवर काहीतरी लाल, तेलकट चिकटलेलं होतं. स्पिरिटच्या बोळ्याने असं घासलं की काचा लखलखल्या!

चहा पिऊन परत येतो, तर ताटात चिवडा!

"आई, व्हॉल्व्ह कुठं गेले?"

"डब्यात ठेवले. फुटतीन म्हनून वावरातल्या कापसात गुंडाळले."

"अन् कोणता कुठला, हे आता कसं समजन?"

"काहून? टिकल्या पाहा न!"

"कोणत्या टिकल्या?"

"कुकवाच्या! हे दर दसऱ्याले रेडिओची पूजा करत. पयल्या खाचेतल्याले एक टिकली, दुसरीतल्याले दोन, तशा चारपर्यंत. तेलात कालवून लावत, जाऊ नाही म्हनून. तुमाले दिसल्या नाही?"

दिसल्या होत्या. बोळ्यावर अजूनही दिसत होत्या.

"पुसल्या?" सासूबाई मटकन खाली बसल्या. "त्यायच्या हातच्या होत्या जी त्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अंदाजानं लाऊन पाहू का?" मी पुटपुटलो.

"हात तं लाऊन पाहा!" सुनंदा कडाडली. तिचं बरोबर होतं. खाचा सारख्याच, कोणताही व्हॉल्व्ह कुठेही बसायचा. चुकला की जळणार, आणि असे व्हॉल्व्ह आता आणायचे कुठून?

तेवढ्यात मेहुणीचं उत्तर आलं. "भाऊजीची बनियन किती फाटली वं!"

फोटो! अर्ध्या फोटोत माझी बनियन होती, पण काखेखालून चारही व्हॉल्व्ह आपापल्या जागी दिसत होते. एक लांबोडका, एक ठेंगणा, एक ढेरपोट्या आणि एक टोपीवाला. सुनंदा फोटो मोठा करत गेली (आधी बनियनचं भोकच मोठं व्हायचं!) आणि मी एकेक बसवत गेलो.

एकदम सरळ करंट दिला नाही, मध्ये एक बल्ब जोडला. आत काही शॉर्ट असेल तर रेडिओऐवजी बल्ब भडकतो. तो भक्कन पेटला, माझा जीव गेला, मग तो मंद झाला आणि जीव परत आला. बल्ब काढून रेडिओ थेट जोडला. चारही व्हॉल्व्ह नारिंगी झाले. आवाज मात्र नाही!

"थांबा जी," सासूबाई म्हणाल्या. "हे म्हनत, त्याले गरम होऊ द्या."

खरखर झाली, आणि कोणी बाई हिंदीत बाजारभाव सांगू लागली. सासूबाई पदर डोळ्यांना लावून ते तुरीचे भाव भजनासारखे ऐकत राहिल्या.

दसऱ्याला, थंड व्हॉल्व्हवर त्यांनी स्वतः टिकल्या लावल्या. एक, दोन, तीन, चार. उरलेल्या कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला टेकवलं.

"आई, याले कितव्या खाचेत बसवू?" सुनंदाने विचारलं.

"राहू दे वं. हा गरम व्हायले लई टाइम घेते."

मी मान डोलावली. पण अगदी हळू, टिकली पुसली जाऊ नये म्हणून.