आंब्याच्या भावाने पोटगी

आमच्या घरात कागद करायची वेळ आली की मला बोलावतात. मी शाळेत क्लार्क. पंचवीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिल्यामुळे आपल्याला कायदा कळतो, असा माझा समज झालेला आहे. घरच्यांचा तसा काही समज नाही, पण माझं अक्षर चांगलं आहे.

धाकटी बहीण आणि तिचा नवरा वेगळे झाले तेव्हा भाची सहावीत होती. आरडाओरडा असा झालाच नाही. दोघंही दमलेले होते. मुलीसाठी भावोजींनी महिन्याला आठ हजार द्यायचे, एवढं सरळ ठरलं. अडलं ते पुढच्या वर्षाचं. वकीलबाई म्हणाल्या, "महागाई वाढेल तशी ही रक्कमही वाढायला हवी. वर्षाला अमुक टक्के, असं काहीतरी ठरवा."

टक्के म्हटल्यावर बहिणीला मागायचा संकोच, भावोजींना बोलून अडकायची भीती. तेव्हा मी घसा खाकरला. माझी हापूसची वीस झाडं आहेत. ती मी दरवर्षी एका बागवाल्याला कराराने देतो. त्या करारात एक अट असते: मे महिन्यात पाच डझनाच्या पेटीला बाजारात जो भाव असेल, त्या प्रमाणात माझे पैसे वर-खाली. आजवर कधी भांडण नाही.

मी म्हटलं, "हीच अट घाला. पेटीचा भाव सगळ्या गावाला ठाऊक असतो. लपवाछपवीला जागाच नाही."

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मुलीची पोटगी आंब्यावर?"

"ताई, रत्नागिरीत सगळंच आंब्यावर चालतं."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. वकीलबाईंनी दोनदा समजावलं, पण माझं अक्षर तोवर कागदावर उतरलेलं होतं आणि बाकी दोघं सुटल्यासारखे हसत होते.

पहिली दोन वर्षं झाडांना मोहोर कमी, त्यामुळे भाव चढा. पोटगी वाढत वाढत नऊ हजार चारशेवर गेली. दोन्ही वर्षी मी बहिणीकडे जाऊन चहाबरोबर थोडं कौतुकही पिऊन आलो. तिसऱ्या वर्षी मात्र झाडं अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. भाव कोसळला. माझ्या कराराचे पैसे कमी झाले म्हणून मी आठवडाभर हळहळलो. दुसऱ्या कागदाची मला आठवणसुद्धा झाली नाही.

जूनमध्ये बहिणीचा फोन आला. "दादा, यंदा आंबा स्वस्त झाला ना?"

"काय विचारू नकोस गो!"

"मग गॅसवाल्याला तेवढं कळव. रिक्षावाल्या काकांनाही सांग, त्यांनी भाडं वाढवलंय. माझ्या खात्यात सात हजार तीनशे आलेत." मग म्हणाली, "तिचा गणित-सायन्सचा क्लास बंद करतेय. उद्या सरांना सांगते."

भाची आता नववीत होती, आणि गणितात कुठे आत्ता तिला गोडी लागली होती. मी कसंबसं म्हटलं, "चार दिवस थांब."

रविवारी मी मिरजोळ्याला भावोजींच्या खोलीवर गेलो. ते तिथेच एका कारखान्यात आहेत. त्यांनी स्वतः चहा केला, आणि मी तोंड उघडायच्या आत कागद पुढे ठेवला.

"अक्षर तुमचंच ना, दादा?"

"माझंच."

"दोन वर्षं वाढले ते मी दिले. ओव्हरटाइम करून दिले. तेव्हा तुम्ही आला नाहीत."

नव्हतोच गेलो. मग मी क्लासचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"मला कुणी बोललं नाही."

"ती मागणार नाही. तुम्ही ओळखता तिला."

"फी किती आहे? मी परस्पर भरतो."

मला वाटलं, मिटलं. मी तिथूनच बहिणीला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि विजयी सुरात बातमी दिली.

"नको," ती म्हणाली. "यंदा फी, पुढच्या वर्षी आणखी काही. दर वेळी तू त्यांना सांगायला जाणार आणि मग ते देणार? महिन्याला किती येणार ते मला आधी कळायला हवं. घर मी चालवते, दादा."

भावोजी फोनकडे वाकले. "बरोबर आहे तुझं. वकीलबाईंकडे ये, बसू."

गुरुवारी बसलो. वकीलबाईंनी मला खुर्ची भिंतीकडची दिली. बहीण म्हणाली, वर्षाला दहा टक्के, शाळेची फी तेवढी वाढते. भावोजी म्हणाले, माझा पगार तेवढा वाढत नाही, सहा देतो. दोघं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून बोलत होते, मध्ये मी नसताना. नऊ हजार चारशे धरून दर जूनला आठ टक्के ठरले.

"आणि कधी कमी होणार नाही, हे आधी लिहा," बहीण म्हणाली.

"नोकरी गेली तर?" भावोजींनी हळूच विचारलं.

"तर तेव्हा पुन्हा असंच बसायचं," वकीलबाई म्हणाल्या. बहिणीने मान हलवली. "बसू ना. मी काय शत्रू आहे?"

छपाई होईपर्यंत ती व्हरांड्यात जाऊन फोनवर बोलली. आतपर्यंत ऐकू येत होतं. "सर, सोमवारपासून येईल ती. हो, पूर्ण वर्षाचं धरा." भावोजींनी ते खाली मान घालून ऐकलं आणि सही केली.

साक्षीदाराची सही माझी होती. मी पेन घेतलं, कागद नीट वाचला आणि सवयीने म्हणालो, "या आठ टक्क्यांत अजून एक करता येईल..."

"दादा," बहीण दारातूनच म्हणाली, "तू नुसती सही कर."

केली.