पोपटाचं उष्टं आणि माझा प्रवेश

वाचा-उपचाराची पदवी घेऊन मी परभणीत एका छोट्या दवाखान्यात मुलांना बोलायला शिकवत होते. त्याच विषयात पुढं दोन वर्षं शिकायचं मनात आलं, तर आईच्या कपाळाला आठ्या. "बोलाया तर सगळेच शिकतेत. त्याला कामून इतकं कॉलेज?"

कारण होतं वालूरहून येणारं एक तीन वर्षांचं पोरगं. त्याची आई पहिल्या दिवशी पदरात जाम बांधून आली होती. आमच्याकडं पेरूला जाम म्हणतात, आणि पोपटानं टोचलेला जाम चारला की मुकं लेकरू बोलतं, अशी सगळ्यांची खात्री. "असलं काही नसतं" हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर बाई पुन्हा पायरी चढली नसती. म्हटलं, "धुऊन चारा की. पण लगेच देऊ नका. फोड त्याच्यासमोर धरा अन् थांबा. तोंडातून काहीतरी निघालं की मग द्या."

काही आठवड्यांनी पोरगं "दे" म्हणालं. आई पोपटाचे उपकार मानू लागली, मी तिच्या धीराचे. पण "दे"च्या पुढं गाडी हलेना. मला येत होतं ते सगळं करून झालं. पुढचं येत नव्हतं, त्याची मला लाज वाटायची आणि रागही यायचा.

प्रवेशाच्या मुलाखतीत टेबलापलीकडं तिघं बसले होते. मधल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या भागात मूल उशिरा बोललं तर पालक आधी काय करतात?"

"पोपटाचं उष्टं चारतात," मी बोलून गेले.

तिघंही हसले. माझ्या तर नाकावर राग. मी पोराची सगळी हकिकत घडाघडा सांगितली, कुठं अडलेय तेही सांगितलं.

चष्मेवाले सर म्हणाले, "मग श्रेय कुणाचं? तुमचं की पोपटाचं?"

"श्रेय पोपटाला द्या सर, मला प्रवेश द्या."

बाहेर आले आणि कपाळावर हात मारून घेतला. हातचं घालवलं, असंच वाटत होतं.

निवड झाल्याचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातच होते. आनंदानं रडू आवरेना. समोर वालूरची बाई पोराला मांडीवर घेऊन बसलेली. तिला सांगितलं तशी तिनं एकदा पोराकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग याचं कसं?"

"फोनवर बघत राहीन. अन् शिकून इथंच येनार हाय."

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. "या बरं. हा बोलाया लागला की पयली शिवी तुमालाच देनार बगा. लय ताटकळत ठिवलंय तुमी त्याला."

"देऊ द्या," मी म्हटलं. "तीच ऐकायला यायचंय मला."