मास्तरांचा शब्द येईपर्यंत

टॅक्सी स्टँडवर त्याला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी गाडीबरोबर सुरू व्हायचा आणि गाडी बंद झाली तरी हा चालूच. एकवीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकाला स्वतःचं वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. कुणी "जरा स्टेशन..." म्हटलं, की हा "मागच्या दाराशी ना? पुढे खोदलंय!" म्हणून मोकळा. बायको सांगायची, "लग्नाला माझा होकारसुद्धा यांनीच दिला."

असल्या माणसाच्या वाट्याला टेलर मास्तर आले.

मास्तरांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हातपाय सावरले, डोकं शाबूत राहिलं, पण शब्द गेले. म्हणजे आत होते. बाहेर येताना दारातच अडकायचे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना हॉस्पिटलात, बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं आणि परत आणायचं. त्यांच्या बायकोला गुडघ्यांमुळे तीन मजले उतरवत नसत. पहिल्या दिवशी तिने गॅलरीतूनच हाक मारली, "भाऊ, सांभाळून न्या हो. त्यांना काही सांगता यायचं नाही."

"वहिनी, काळजी सोडा! मी दोघांच्या वाटचं बोलतो!"

आणि बोलला. महिनाभर बोलला. शेवटी बाईंनीच त्याला दाराबाहेर गाठलं. "तुम्ही मनाने फार चांगले आहात. पण त्यांच्या ओठांवर शब्द येतो आणि तेवढ्यात तुम्ही तो उचलून नेता. थांबत जा. कितीही वेळ लागला तरी."

कुणी कानाखाली वाजवली असती तरी रेडिओला इतकं लागलं नसतं. परतीच्या वाटेवर त्याने ब्र काढला नाही. पुढच्या मंगळवारी मास्तर मागे बसले तेव्हा त्याने जाहीर केलं, "आजपासून रस्ता तुम्ही सांगायचा. डावीकडे, उजवीकडे, सरळ. तुम्ही सांगाल तशीच गाडी जाईल. शब्द अडला की मीटर बंद."

आरशातून मास्तरांनी असं बघितलं, की हातात कात्री असती तर रेडिओचं काही खरं नव्हतं.

पंधरा मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागायला लागला. प्रत्येक वळणावर गाडी कडेला उभी. मागे मास्तर घामाघूम, पुढे रेडिओ दातांखाली जीभ धरून लाल. स्टँडवरचा दुसरा टॅक्सीवाला, लंबू, त्याला चिडवायचा, "काय रे, सेल संपले का तुझे?" पण रेडिओ तापाने पडला त्या आठवड्यात लंबूनेच मास्तरांना नेलं, शब्द येईपर्यंत थांबायचा कायदाही पाळला, आणि स्टँडवर येऊन टपावर थाप मारून ओरडला, "अरे, मला 'सरळ' म्हणाले! स्वच्छ! 'सरळ'!" तेव्हापासून मास्तरांची फेरी कुणाला मिळणार यावरून भांडणं व्हायला लागली.

मग हॉस्पिटलाची चिठ्ठी आली. वहिनींनी ती गॅलरीतून वाचून दाखवली. शुक्रवारी अकराला परीक्षा. मास्तर आपलं आपण एक पुरं वाक्य बोलले, तर आणखी तीन महिने उपचार. नाही बोलले, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. एकेका शब्दापलीकडे मास्तर अजून गेलेच नव्हते.

शुक्रवारी ते पाच रस्त्यांच्या सर्कलला पोचले तेव्हा अकराला बारा मिनिटं होती. इथे डावं-उजवं चालत नाही. कुठल्या रस्त्याला लागायचं ते सांगावंच लागतं. मास्तरांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. रेडिओने एक फेरी मारली. दुसरी मारली. मीटर बंद केलं. तिसरी. मागे हॉर्नचा गलका उठला. रस्ता तर त्याच्या हातांनाच पाठ होता. वेळ टळू नये म्हणून त्याने हळूच चाक वळवलं.

धाड! मास्तरांची मूठ सीटच्या पाठीवर बसली. आरशात त्यांची मान जोरजोरात हलत होती. नाही. मी सांगणार.

रेडिओने चाक सरळ केलं आणि चौथी फेरी घेतली. समोरून लंबूची टॅक्सी आली. त्याने एक नजर टाकली, काय ते ओळखलं, आणि सर्कलच्या तोंडाशीच गाडी आडवी घालून बॉनेट उघडून बसला. मागची सगळी रहदारी थांबली. "बंद पडली हो! करू काय?" तो लोकांच्या शिव्या आनंदाने खात होता. सर्कलमध्ये आता एकच टॅक्सी फिरत होती. पाचवी फेरी. सहावी. रेडिओच्या पोटात शब्द नुसते उकळत होते.

"ती... बेकरी..." मागून आवाज आला. "बेकरीच्या... बाजूने!"

"बाजूने!" रेडिओ किंचाळला आणि गाडी सुसाट सुटली.

अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. बाई पेन घेऊन बसल्या होत्या. "मास्तर, उशीर का झाला?"

रेडिओचं तोंड उघडलं. त्याने ते स्वतःच्या हाताने दाबून धरलं. बाईही थांबल्या. भिंतीवरचं घड्याळ चाललं होतं. मास्तरांच्या कपाळावरची शीर फुगली.

"हा... हा वेडा," मास्तर म्हणाले, "मला घेऊन... गोल गोल... फिरत होता."

बाईंनी अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. "झाली परीक्षा," त्या म्हणाल्या. "पहिला प्रश्न हाच होता. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

रेडिओ टुणकन उडाला, खुर्चीवर आपटला, पुन्हा उठला. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वहिनी. घरातून, श्वास रोखून.

"भाऊ, काय झालं? सांगा ना लवकर!"

आयुष्यात त्याच्याकडे इतकी मोठी बातमी कधी आली नव्हती. ती जिभेवर नुसती नाचत होती. त्याने डोळे घट्ट मिटले आणि फोन मास्तरांच्या कानाला लावला.

मास्तरांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"हॅलो? भाऊ? कोण आहे?"

"मी," मास्तर म्हणाले. "मी... बोलतोय."