लालासाहेबांची जाळी

वडूजच्या डॉक्टर चारुलताबाईंच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात एकदा असं भांडण जुंपलं, की झाडलोट करणाऱ्या हरणाबाईला हातातली बादली खाली ठेवायचंही सुचलं नाही. आत एकीकडे बाई, दुसरीकडे लालासाहेब. लालासाहेब पलटणीत वीस वर्षं इंजिनं दुरुस्त करून आलेले, इथं जनरेटर सांभाळायचे. उंदरांनी त्या जनरेटरात आपलंही बाळंतपण उरकलं होतं, वर वायरी कुरतडल्या होत्या.

"चारी बाजूंनी पत्रा ठोका!" बाई म्हणाल्या.

"आन् त्यानं श्वास कुठनं घ्यायचा? तुमी डॉक्टर हाय, तुमास्नी काय सांगू? हवा कोंडली की तापून बंद पडंल."

"आणि उंदीर?"

"त्येंचं मी बघतो. पत्राच ठोकायचा आसंल तर दुसरा माणूस बघा."

बाईंनी दुसरा माणूस बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब खिशात हरभरे टाकून सांगलीला गेले. दुकानात जाळीच्या भोकातून हरभरा घालून बघायचे. खाली पडला की जाळी नापास. दुकानदार म्हणाला, "पावनं, जाळी घ्यायचीय का उसळ करायचीय?" हरभरा अडकला ती जाळी त्यांनी आणली आणि हवेच्या दोन्ही तोंडांवर चौकटीत आवळली. वायरीच्या पाइपात तारेची घासणी कोंबली, भोवतीचं गवत खरवडलं. बारीक जाळीत धूळ लवकर बसते, म्हणून दर सोमवारी ब्रश. तीन वर्षं उंदीर बाहेरच फिरले.

मग एका खंडेनवमीला लालासाहेबांनी जनरेटरला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि घरी गेले. हरणाबाईला ते लय कोरडं वाटलं. लेकीबाळींची बाळंतपणं याच्या जिवावर, मग याला मान नको? संध्याकाळी तिनं पुढ्यात गव्हाची रास मांडली आणि पाहुण्याला करतात तसा टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी वर ठेवली, टॉवेल जाळीवर पसरून कडा चौकटीत खोचल्या. गव्हाला उंदीर आलेच तर तेवढाच आणखी आडोसा!

दसऱ्याच्या दुपारी क्रांती नावाची पोर आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ ओंजळीएवढं, म्हणून उबेला काचेच्या पेटीत ठेवलं. तासाभरात वीज गेली. जनरेटर लागला, पेटीचा दिवा पेटला, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दहाव्या मिनिटाला इंजिनाचा आवाज जड झाला आणि जनरेटर थांबला.

लालासाहेब दोन गल्ल्या पलीकडे जेवत होते. आवाज बदलला तसे ताटावरून उठले, उष्ट्या हातानं पळत आले. मागोमाग हरणाबाई. बघते तर टॉवेल जाळीला कातडीसारखा चिकटलेला. लालासाहेबांनी तो ओढून काढला, तिच्याकडं एकदा बघितलं आणि तिच्या हातात कोंबला.

"चालू करा!" बाई दारातून ओरडल्या.

"न्हाई. लय तापलाय. आत्ता बटण दाबलं तर कायमचा जाईल. पंधरा मिनिटं द्या."

"बाळ गार पडतंय, लालासाहेब!"

"पंधरा मिनिटं, बाई."

बाई मागं वळल्या. बाळाला क्रांतीच्या उघड्या छातीशी धरलं, वर गोधडी घातली. इकडं हरणाबाई सुपानं इंजिनाला वारा घालत राहिली. इंजिनाला किती लागला देव जाणे, तिला मात्र घाम फुटला. लालासाहेब इंजिनाजवळ हात नेऊन बघायचे, मान हलवायचे, पुन्हा थांबायचे. आतून बाळाचा आवाज येत नव्हता.

शेवटी त्यांनी बटण दाबलं. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. पेटी उबदार झाली, बाळ आत गेलं आणि मांजराच्या पिल्लासारखं कुरकुरलं.

"बंद कशानं पडला?" बाईंनी विचारलं.

"टॉवेल उडून जाळीवर बसला."

"कुणाचा?"

"वारा काय नाव सांगतो व्हय, बाई?"

नंतर हरणाबाईला एवढंच म्हणाले, "आहेर झ्याक होता. पर पावन्याचं नाक बांधून कुणी मान देतं का?"

पुढं माघात ती जाळी गंजून एका कोपऱ्यात तुटली. लालासाहेबांच्या छातीत तेव्हा कळा यायच्या.

"आवं, दुसऱ्या कुणाला धाडा," हरणाबाई म्हणाली.

"दुसरा अंदाजानं आणंल."

ती त्यांची शेवटची खेप ठरली. सकाळच्या एसटीनं सांगलीला गेले, संध्याकाळी नवी जाळी घेऊन आले. स्क्रू आवळले, दहा मिनिटं जनरेटर चालवून बघितला, साबणानं हात धुतले आणि सायकल हातात धरून घराकडं निघाले.