सहा खांबांचा फोटो

फोटोत माझी वाट नव्हती. शेजारच्या फार्महाऊसचं पांढरं कुंपण या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग होतं आणि माझं भाताचं खाचर त्याच्या पलीकडं अडकलं होतं.

मालकाला ते घर विकायचं होतं, म्हणून त्याने पुण्याहून फोटोवाला बोलावला होता. कुंपणाच्या चौथ्या आणि पाचव्या खांबांमध्ये फट आहे, तीच माझी वाट. कागदावर कुठं नाही, पायाखाली आहे. हा फोटो बघून घर घेणारा उद्या म्हणणार, वाट होतीच कुठं?

फोटोवाला चार्जिंगसाठी आमच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. मी विचारलं, "वाट कुटं गेली?"

"मी काही पुसलं नाही आजी. कॉम्प्युटरनं जोडलंय."

"मग कॉम्प्युटरला मालकानं सांगितलं असंल."

सून हसली. तिने त्याला दोनदा चहा दिला होता, त्यामुळे मला तिचाही भरवसा वाटेना. मी पडद्यावर बोट ठेवून खांब मोजले. चौथीपर्यंत शिकले आहे, सातापर्यंत मोजायला तेवढं पुरतं. कुंपणाला खांब सात आहेत, फोटोत सहा भरले.

त्यानेही मोजले आणि मग सांगू लागला. एवढं लांब घर एका फोटोत मावत नाही, म्हणून तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा पाच ठिकाणी वळवायचा. उन्हातली भिंत आणि पडवीतला अंधार एकदम नीट येत नाहीत, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन फोटो: काळपट, मधला, उजळ. ते तीन एकावर एक ताटं ठेवावीत तसे नेमके बसले पाहिजेत, मगच शेजारच्याशी जोडायचे. एका ठिकाणचे बसले नव्हते. खांब सगळे सारखे, म्हणून कॉम्प्युटरने पाचव्यालाच चौथा धरलं आणि मधली फट गिळली.

"पण स्टँड हलायचं कारणच नव्हतं," असं म्हणून त्याने अंगणातल्या आमच्या म्हशीकडं पाहिलं.

म्हैस बांधलेली होती. कारण मला माहीत होतं. दुपारी स्टँडचा एक पाय माझ्या वाटेत रोवलेला होता. आमच्याकडं जमीन अशीच जाते, आधी एक खुंटी, मग तार, मग फाटक. दोन फोटो काढून तो पाणी प्यायला वळला, तेव्हा मी तो पाय उचलून चार बोटं बाजूला ठेवला होता.

गप्प बसले असते तर वाट गेली असती.

"म्हशीकडं बघू नको. पाय म्या सरकवला."

"आत्या, दुसऱ्याच्या वस्तूला हात कशाला लावायचा?" सून म्हणाली.

"दुसऱ्याची वस्तू माझ्या वाटंत कशाला?"

तो चिडला नाही, त्यामुळे मला जास्तच संशय आला. हललेला उजळ फोटो त्याने काढून टाकला आणि खांब हाताने जुळवू लागला. चौथ्याचा कोपरा फुटका आहे आणि पाचवा म्हशीच्या अंग घासण्याने काळा पडला आहे, हे मी दाखवत गेले. सात खांब भरेपर्यंत उठले नाही. उजळ फोटो गेल्यानं वाट अंधारी आली, पण आली. मालकाला त्याने तोच फोटो पाठवला की आधीचा, देव जाणे.

घर विकलं गेलं. जुना मालक गेला, फोटोवाला पुन्हा आला नाही. मी आणि म्हैस आहोत, रोज त्या वाटेनं खाचरात जातो.