दुपंखी विमानाला घातलेले सात टाके

हे छापण्यासारखं आहे की नाही, मला ठरवता येत नाही. भूत, करणी, नजर... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे थोडी ऐटही होती. चूक तिथेच झाली.

नागपूर तेव्हा आमचीच राजधानी होती. आता ते मुंबई राज्यात गेलं आणि आमचं पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. मी नागपूरला इंटर सायन्सला होतो, पोळ्यासाठी घरी आलेलो. पोळ्याच्या पाडव्याची गोटमार, म्हणजे नदीवरची दगडफेक, होऊन दोन दिवस झालेले — अर्ध्या गावाच्या डोक्याला पट्ट्या. त्या दुपारी सावरगावच्या पडीक जमिनीवर एक विमान उतरलं. लढाईच्या काळातलं, पोरांना उडायला शिकवायचं. एकावर एक असे दोन पंख, आणि पंख चक्क कापडाचे! बाभळीच्या कुंपणाला घासून खालचा पंख वीतभर फाटला होता. माझे वडील शिंपी, म्हणून त्यांना बोलावणं आलं. मीही बरोबर गेलो.

शिकवणारे साहेब खाली सिगारेट ओढत उभे होते. शिकणारा वसंता — मोहगावचा, माझ्याच वयाचा — मागच्या जागेवर पट्ट्याने बांधलेला. विमान नीट उतरवलं नाही म्हणून साहेबांनी त्याला उन्हात तसंच बसवून ठेवलं होतं.

बाबांनी सुईत दोरा ओवला आणि थांबले.

"पोराले खाली उतरवा जी. मानूस आत हाये तवर शिवता नाही येत."

अंगावरचा कपडा शिवू नये, तसं फक्त मढ्याचं शिवतात — हे आमच्याकडे सगळेच पाळतात. बाबांच्या लेखी ते विमान म्हणजे वसंताने अंगात घातलेला कपडाच!

"दर्जी हो कि पुजारी?" साहेब हसले. मग माझ्याकडे वळले, "तुम तो पढ़े-लिखे हो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, काय अडाण्यावानी करून राहिले? शिवून टाका ना!"

बाबांनी सुई टेकवली नाही. वसंताच वाकून हळूच म्हणाला, "काका, शिवा तुमी. मले एक काडी द्या, दातात धरतो."

दातात काडी धरली की दोष लागत नाही, एवढा उतारा चालतो. बाबांनी गवताची काडी दिली. साहेबांनी फाडकन त्याच्या तोंडावर थप्पड मारली. काडी उडाली, ओठ फुटला. बघे हसले... मीही हसलो.

बाबांनी सात टाके घातले, दुहेरी गाठीचे. विमानाच्या नाकावरचा पंखा फिरायला लागला तेव्हा वसंता मला ओरडून म्हणाला, "नागपूरले आला का भेटजो!"

सुट्टी संपल्यावर गेलो. विमानतळावरच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सांगितलं — विमान नीट पोचलं, पण मागच्या जागेवर वसंता मेलेला. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

मिस्त्रीने मला तो पंख दाखवला. फाट तशीच उघडी. कडेला सुईचं एक भोक नाही.

मग त्याने वसंताचा खाकी सदरा आणला, मागून कात्रीने उभा कापलेला. छातीवर सात टाके. मेणाचा दोरा, दुहेरी गाठ. बाबांचा टाका मी ओळखतो.

"अंगातून निघतच नव्हता," मिस्त्री म्हणाला. "टाके आतपर्यंत गेले होते."

ते विमान पुढे मोडीत निघालं. मला याचा उलगडा आजवर झालेला नाही. बाबांना वाचता येत नाही, म्हणूनच इथे लिहायची हिंमत केली. ते अजून मशीनवर बसतात, आणि दर पोळ्याला विचारतात, "तो मोहगावचा पोरगा पायलट झाला का रे?"

"झाला, बाबा."